मेजावरील संगणक आणि बिनतारी जाळे : तेलगावच्या निमित्ताने एक विवेचन

बीड-परळी आणि धारूर-माजलगाव हे दोन रस्ते ज्या ठिकाणी एकमेकांस मिळतात त्या ठिकाणी तेलगाव हे गाव आहे. लगतच लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखाना असून माजलगाव धरणाच्या पाण्यामुळे या भागात उसाचे पीक बरेच घेतले जाते. याच जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. आणि मागे राहिलेल्या मुलांना शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाचा अर्ज, परीक्षेचा अर्ज या साऱ्या गोष्टी मुदतीच्या आत इंटरनेटवरूनच कराव्या लागतात. अशा गावातील घरात वा अभ्यासिकेत पुष्कळदा शहरातील एखाद्या कचेरीने काढून टाकलेला मेजावरील संगणक येऊन पडलेला असतो. त्याचा पडदा मोठा असतो, कळफलक चांगला असतो, स्मृतीही कामापुरती असते. उणीव एवढीच की, बिनतारी जाळ्याशी जोडणारे साधन त्यात नसते. मग प्रबंधिकेचे प्रकरण मोबाइलच्या चार बोटे रुंदीच्या पडद्यावर टंकित होऊ लागते. वस्तुतः हे साधन काही शे रुपयांपासून मिळते. तथापि ते बसविल्यानंतरही ‘नेट चालत नाही’ अशी तक्रार होऊन संगणक पुन्हा अडगळीत जातो, असाच अनुभव अधिक. ही तक्रार बहुधा अस्थानी असते आणि तिचे मूळ कार्डात नसून अन्यत्र असते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

वायरलेस नेटवर्क कार्ड या नावाने जी वस्तू बाजारात मिळते ती म्हणजे एक लहानसा बिनतारी संच होय. घरातील रेडिओ हा केवळ ग्राहक असतो; हे कार्ड ग्राहकही असते आणि प्रक्षेपकही. त्याची प्रक्षेपणशक्ती सामान्यतः १०० मिलिवॉट किंवा त्याहून कमी असते. ते मुख्यत्वे दोन पट्ट्यांत काम करते : २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तरंगलांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर भरते, व ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ती पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत उतरते. एफएम आकाशवाणीच्या लहरी सुमारे तीन मीटर लांबीच्या असतात हे ध्यानात घेतले म्हणजे, रेडिओ ज्या खोलीत सहज वाजतो त्याच खोलीत हे कार्ड का अडखळते, याचा उलगडा होऊ लागतो.

एके काळी आपल्या देशात साधा रेडिओ संच घरी ठेवावयाचा तर डाकघरात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. प्रक्षेपकाची तर गोष्टच सोडा. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाखाली विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणे हा अपराध होता. आज प्रत्येक अभ्यासिकेत प्रक्षेपक उघडपणे चालतो, याचे कारण केंद्र शासनाने २००५ साली केलेल्या नियमांत आहे. त्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा १ वॉट प्रक्षेपणशक्तीपर्यंत व अँटेनाच्या लाभासह ४ वॉटपर्यंत परवानामुक्त केला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोकळीक प्रथम इमारतीच्या आतील वापरापुरती होती. २०१८ मध्ये ती बाहेरील वापरासही मिळाली. परवाना नाही याचा दुसरा अर्थ असा की, संरक्षणही नाही. शेजाऱ्याच्या यंत्राने आपल्या यंत्रास अडथळा केला तर दाद मागण्यास जागा नाही. या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

कार्ड इंटरनेट निर्माण करीत नाही, ते फक्त शेवटचा टप्पा जोडते, हे वाक्य बाळबोध वाटेल; पण बहुतेक गैरसमज येथेच उपजतात. तेलगावसारख्या ठिकाणी ही वाट दोन टप्प्यांची असते. पहिला टप्पा बाहेरून राउटरपर्यंतचा. हा तंतुकाचा असेल, किंवा मोबाइलच्या मनोऱ्यापासून येणाऱ्या लहरींचा असेल. दुसरा टप्पा राउटरपासून संगणकापर्यंतचा, आणि कार्डाचा संबंध केवळ याच्याशी. वेष्टनावर ‘१२०० मेगाबिट’ असे छापलेले असले तरी तो आकडा दुसऱ्या टप्प्याचा आहे. पहिल्या टप्प्यातून सेकंदास १० मेगाबिट येत असतील तर कार्ड कितीही भारी घेतले तरी अकरावा मेगाबिट मिळणार नाही. उलटपक्षी, दोन टप्पे वेगळे असल्याचा एक मोठा लाभ आहे. ज्या खोलीत संगणक आहे तेथे मोबाइलची लहर क्षीण असते आणि माळवदावर किंवा पूर्वेच्या खिडकीत ती बरी असते, असे गावोगाव आढळते. अशा वेळी जाळे वाटून देणारा मोबाइल किंवा सिमकार्डाचा राउटर खिडकीत ठेवावा व घरातील अंतर कार्डाने तोडावे. संगणक जागचा हलवावा लागत नाही, आणि प्रत्येक टप्प्यास त्याची सोयीची जागा मिळते.

कोणत्या कामास कोणते साधन योग्य, हा प्रश्न साखर कारखान्यांच्या परिसरात नवा नाही. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातील सुमारे ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ या नावाने संगणककेंद्रांची योजना केंद्र व राज्य शासनाच्या साहाय्याने हाती घेण्यात आली. केंद्रे गावात, मुख्य यंत्रणा वारणानगरास, अशी रचना होती. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी पाहणी केली तेव्हा असे दिसले की, या केंद्रांचा प्रत्यक्ष उपयोग मुख्यतः उसाचे वजन, तोडणीची परवानगी, खताचा हिशेब अशा कारखान्याशी निगडित व्यवहारांपुरता उरला होता. एवढे काम मोबाइलच्या संक्षिप्त संदेशांनीही होते, म्हणून त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी मोबाइल आणून पाहिला. या प्रयोगावरून ‘खेड्यात संगणक नकोच’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो चुकीचा आहे. उसाच्या वजनाची पावती संदेशात मावते. पदव्युत्तर प्रबंधिका, तिच्यातील सारण्या आणि संदर्भसूची मावत नाही. ज्याला दीर्घकाळ लिहावयाचे आहे त्याला मेज, खुर्ची आणि मोठा पडदा लागतो.

आता कार्डाच्या निवडीविषयी. दोन मुख्य प्रकार आहेत : संगणकाच्या पेटीत मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये बसणारे, आणि बाहेरून यूएसबी खाचेत लावावयाचे. यूएसबीचे साधन स्वस्त, लावावयास सोपे व एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता येणारे असते; नखाएवढ्या आकाराच्या साधनात मात्र अँटेनाही नखाएवढीच असते, हे विसरू नये. पेटीत बसणारे कार्ड अधिक स्थिर चालते, परंतु ते घेण्यापूर्वी पेटी उघडून पाहणे अगत्याचे आहे. कचेऱ्यांतून निघालेले संगणक पुष्कळदा अरुंद पेटीचे असतात. त्यांत पूर्ण उंचीची पट्टी असलेले कार्ड बसत नाही, अर्ध्या उंचीची पट्टी लागते. काही कार्डांसोबत दोन्ही पट्ट्या येतात, ती घ्यावीत. फारच जुन्या यंत्रात पीसीआय एक्स्प्रेसऐवजी जुना पीसीआय स्लॉट असतो, व दोन्ही परस्परांत बसत नाहीत. आणखी एक खोच अशी की, लॅपटॉपमधून काढलेली छोटी कार्डे एका जोडपट्टीवर बसवून मेजावरील संगणकात वापरण्याची प्रथा आहे. इंटेलचे एएक्स २०० किंवा एएक्स २१० अशा रीतीने चालते; दिसावयास अगदी तसेच असणारे एएक्स २०१ मात्र चालत नाही, कारण त्याच्या कार्याचा काही भाग इंटेलच्या ठरावीक चिपसंचातच असतो. एका आकड्याच्या फरकाने पैसे वाया जातात.

बसविण्याची क्रिया दहा मिनिटांची आहे. संगणक बंद करून विजेची दोरी काढावी आणि नंतर चालू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे आतील संचित विद्युत निघून जाते. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थितिक विद्युत सहज साचते. म्हणून कार्डास हात लावण्यापूर्वी पेटीच्या रंग न दिलेल्या धातूस स्पर्श करावा. ‘आमच्याकडे अर्थिंगच नाही, मग स्पर्श करून काय उपयोग?’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. प्रश्न चांगला आहे. येथे हेतू जमिनीशी जोडण्याचा नसून आपले शरीर व यंत्राची चौकट यांचे विभव समान करण्याचा आहे, आणि तो अर्थिंगविनाही साधतो. त्यानंतर स्लॉटसमोरील मागची पत्र्याची पट्टी काढावी, कार्ड दोन्ही टोकांस सारखा दाब देऊन बसवावे, स्क्रू आवळावा आणि अँटेना हाताने फिरवून लावाव्यात. ज्या कार्डात ब्लूटूथही असते त्याची एक छोटी केबल मदरबोर्डवरील यूएसबीच्या टाचण्यांस जोडावी लागते; ती राहून गेली तर वाय-फाय चालते व ब्लूटूथ दिसत नाही, आणि कार्ड निम्मे बिघडलेले आहे असे समजून लोक ते परत करतात.

यानंतर पहिली खरी अडचण येते ती ड्रायव्हर नामक आज्ञावलीची. कार्ड चालण्यास ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर उतरवून घेण्यास जाळे हवे, आणि जाळ्यास कार्ड हवे, असे हे चक्र आहे. विंडोजच्या अलीकडील आवृत्त्यांत पुष्कळ कार्डांचे ड्रायव्हर आधीच असतात. जुन्या यंत्राचा प्रश्न वेगळा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला, आणि विंडोज ११ च्या अटी अनेक जुन्या संगणकांना पुऱ्या करता येत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स घालणे हा सुज्ञ मार्ग होय. पण मग कार्ड घेताना त्याच्या वेष्टनावरील नाव पाहून भागत नाही, आत कोणती चिप आहे ते पाहावे लागते. इंटेलच्या व जुन्या अथेरॉसच्या चिपांना लिनक्समध्ये आधार चांगला आहे. कित्येक स्वस्त यूएसबी साधनांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. काही यूएसबी साधने तर लावल्याबरोबर आपण ड्रायव्हरची तबकडी असल्याचा बहाणा करतात व विंडोजमध्ये ड्रायव्हर बसल्यानंतरच आपले खरे रूप दाखवितात. लिनक्समध्ये त्यांना रूप पालटावयास सांगण्यासाठी यूएसबी-मोडस्विच ही वेगळी आज्ञावली लागते.

या चक्रातून सुटण्याचा उपाय प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाइल यूएसबी दोरीने संगणकास जोडून त्यातील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की, संगणकास तो मोबाइल तारेच्या जाळ्याचे साधन म्हणून दिसतो. त्यास बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तेवढ्या वेळात कार्डाचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा.

ड्रायव्हर बसला, जाळ्याचे नाव दिसले, तरीही वेग मिळत नाही. येथे प्रकरण संगणकशास्त्राचे न राहता पदार्थविज्ञानाचे होते, आणि बहुतेक अपयशे याच ठिकाणची आहेत. मोकळ्या अवकाशात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचा ऱ्हास १० मीटर अंतरावर सुमारे ६० डेसिबल होतो, म्हणजे शक्ती दशलक्षांश उरते. १०० मिलिवॉटने निघालेली लहर तेथे एका मिलिवॉटचा दहा हजारावा भाग घेऊन पोहोचते. संगणक हीच गोष्ट ‘उणे ४० डीबीएम’ या शब्दांत दाखवितो, व ही स्थिती उत्तम समजली जाते. उणे ७० म्हणजे एका मिलिवॉटचा एक कोटीवा भाग. तेवढ्यावरही काम चालते. उणे ८० च्या खाली गेल्यावर जोडणी तुटू लागते. अंतर दुप्पट झाले तर केवळ ६ डेसिबल जातात, हे पाहता उणे ४० आणि उणे ८० यांमध्ये पुष्कळ अवकाश आहे. मग तो खर्च कोठे होतो?

पहिला खर्च संगणकाच्या पेटीतच होतो. ती पत्र्याची, मेजाखाली ठेवलेली, पाठ भिंतीला लावलेली. आणि अँटेना त्या पाठीवर, म्हणजे एका बाजूस पत्रा व दुसऱ्या बाजूस भिंत अशा फटीत. याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. लॅपटॉपमध्ये अँटेना पडद्याच्या कडेने, उंचावर असते. म्हणून त्याच खोलीत लॅपटॉप चालतो आणि कार्ड लावलेला संगणक चालत नाही, व दोष कार्डास दिला जातो. उपाय साधा आहे. एक मीटर केबल असलेली, तळाशी लोहचुंबक असलेली अँटेना घेऊन ती मेजावर किंवा कपाटावर ठेवावी. यूएसबीचे साधन असेल तर ते मागच्या खाचेत न लावता लांबविणाऱ्या केबलीने वर आणावे. तसे करण्यास आणखी एक कारण आहे. यूएसबी ३ च्या खाचा व त्यांवरील बाह्य तबकड्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निर्माण करतात. इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणात याची मोजमापे दिलेली आहेत. तबकडीवर मोठी संचिका उतरवून घेताना जोडणी हटकून मंदावते त्याचे इंगित पुष्कळदा हेच असते.

दुसरा खर्च घराच्या बांधणीत होतो. मराठवाड्यातील जुनी घरे काळ्या पाषाणाच्या वा पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची असतात. कोरडी माती लहरीस बऱ्यापैकी वाट देते, पावसाळ्यात भिजलेली माती देत नाही. म्हणून जूनपर्यंत चालणारे जाळे श्रावणात रुसते. पत्र्याच्या शेडमध्ये लहर आत शिरतच नाही, ती परावर्तित होते. शेडच्या आतच राउटर ठेवला तर मात्र तोच पत्रा साहाय्य करतो. भरलेली पाण्याची टाकी मध्ये आली तर ५ गिगाहर्ट्झची आशा सोडावी. सामान्यतः एका खोलीपुरते काम असेल तर ५ गिगाहर्ट्झ आणि जाड भिंत ओलांडावयाची असेल तर २.४ गिगाहर्ट्झ, असा विवेक ठेवावा.

शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्या विद्यार्थ्यास गावातील जोडणी एक किलोमीटर नेता येईल काय, असेही विचारले जाते. पेटीतील कार्डाने ती जाणार नाही. त्यासाठी छपरावर बसविण्याची दिशादर्शी साधनांची जोडी लागते व संगणकास त्यातून केबल येते. पण तेथेही केवळ समोरची खूण दिसणे पुरेसे नाही. २.४ गिगाहर्ट्झला एक किलोमीटरच्या मध्यभागी पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची त्रिज्या सुमारे ५.६ मीटर भरते, आणि तिचा साठ टक्के भाग, म्हणजे ३.४ मीटर, मोकळा असावा असा संकेत आहे. वाटेत तीन मीटर उंचीचा ऊस उभा असेल तर दोन टोकांना जोडणारी रेषा जमिनीपासून साडेसहा मीटरवरून गेली पाहिजे. हिरव्या पानांतील पाणी लहरी शोषून घेते. उसाची लागण झाली तेव्हा बसविलेली जोडणी पीक वाढल्यावर बंद पडते व तोडणी झाल्यावर पुन्हा सुरू होते, यात चमत्कार काही नाही.

तिसरा खर्च शेजाऱ्यांचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा वाहिन्या मोजल्या जातात, पण एकमेकींवर न चढणाऱ्या अशा तीनच, १, ६ व ११. एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. इतरांनी ऐकावे, शांतता झाल्यावर यदृच्छेने थोडे थांबावे व मग बोलावे, असा शिष्टाचार यंत्रांत घालून दिलेला आहे. गावच्या पाणवठ्यावरच्या रांगेत एखाद्याची घागर तोंडाला अरुंद असली म्हणजे सगळ्यांचा खोळंबा होतो, तसेच येथे घडते. दूरच्या कोपऱ्यातील क्षीण लहरीचे यंत्र तीच माहिती पाठविण्यास अधिक वेळ घेते आणि त्या वेळेपुरती जवळची वेगवान यंत्रेही तिष्ठत राहतात. म्हणून एका वाईट जागी ठेवलेल्या अँटेनाची किंमत त्या एका संगणकापुरती नसते, सबंध अभ्यासिका ती भरते.

यावरून प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, वीस संगणकांच्या प्रयोगशाळेत वीस कार्डे बसविणे हा उधळेपणा होय. मेजावरील संगणक हलत नाही. त्यास तांब्याची तार १०० मीटरपर्यंत निर्वेध चालते व तिच्यात रांग लागत नाही. ज्यांना तार पोहोचत नाही, भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, किंवा मध्ये रस्ता आहे, त्यांच्यासाठी कार्ड. एका ठिकाणी मात्र बिनतारी किंवा तंतुकाची जोडणीच निवडावी : दोन इमारतींमधून उघड्यावर ओढलेली तांब्याची तार टाळण्यासाठी. वळिवाच्या दिवसांत मराठवाड्यात विजांचे प्रमाण मोठे असते, आणि जवळपास पडलेल्या विजेने अशा तारेत उत्पन्न होणारा विद्युतदाब दोन्ही टोकांची यंत्रे एकदम निकामी करू शकतो.

राहिला सुरक्षिततेचा प्रश्न. तार भिंतीच्या आत राहते, लहर राहत नाही; ती रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणासही ऐकू येते. १९९७ च्या मूळ मानकातील डब्ल्यूईपी ही कूटपद्धती फ्लूरर, मँटिन व शमीर यांच्या २००१ मधील निबंधानंतर निरुपयोगी ठरली. २००४ पासून डब्ल्यूपीए २ व २०१८ पासून डब्ल्यूपीए ३ उपलब्ध आहे. गावाकडे आलेल्या जुन्या राउटरमध्ये अद्याप डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही निवड केलेली सापडते. तिचा दुसराही एक तोटा आहे, जो फारसा ज्ञात नाही : २००९ च्या मानकाने ठरविलेले वाढीव वेग या दोन जुन्या पद्धतींसोबत वापरण्यास मनाई केलेली आहे, त्यामुळे नवे कार्डही सेकंदास ५४ मेगाबिटच्या पुढे जात नाही. राउटरच्या मांडणीत जाऊन एईएससहित डब्ल्यूपीए २ अथवा डब्ल्यूपीए ३ निवडले, आणि राउटर पेटीतून निघाला तेव्हाचा व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द बदलला, म्हणजे संगणक शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास सज्ज झाला.